परातीएवढं सर्कल

आमच्या गावातल्या मुख्य चौकात एक सर्कल आहे, असं मी बाहेरगावच्या माणसाला सांगते तेव्हा तो चौकात उभा राहून मलाच विचारतो, "कुठं आहे?" ते त्याच्या पायाशीच असतं. शेजारी एक पाटी आहे, 'वाहतूक बेट. वळसा घालून जावे.' ही पाटी सर्कलपेक्षा मोठी आहे. पाटीलाच वळसा घालून जाणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही.

हे सर्कल माझ्या बाबांनी बांधलं. त्यामुळे त्यावर हसायचा पहिला हक्क माझा, आणि दुसऱ्या कुणी हसलं की माझं डोकं फिरतं. मी ह्याच चौकातून रोज शाळेत शिकवायला जाते. स्टाफरूममध्ये कुणी चहाची बशी उचलून "हे बघा, तुमच्या बाबांचं सर्कल" म्हणालं की मी तो चहा पीत नाही.

बाबा नोकरीत होते तेव्हा रस्त्यांच्या कामावर असत. पण रस्ते नव्हे, मोऱ्या. नाल्याचं पाणी रस्त्याखालून पलीकडे जायला ज्या बांधतात, त्या. महागावकडे नाहीतर केळापूरकडे एसटीनं निघालो की मधेच ते माझ्या दंडाला हात लावायचे. "आता गेली ते माही." मी खिडकीबाहेर बघेपर्यंत मोरी मागे पडलेली असायची. मोरीचं असंच आहे. नीट बांधली तर तिच्यावरून गेलेलं कुणाला कळत नाही, आणि वाईट बांधली तर सगळा जिल्हा नाव घेतो. बाबांच्या सगळ्या नीट होत्या.

निवृत्त झाल्यावर ते आईला म्हणाले, "आयुष्यभर मी रस्त्याखालचंच काम केलं. एक तरी चीज रस्त्यावर दिसली पाह्यजे ना, बापा."

आमच्या चौकात चार रस्ते एकत्र येतात आणि चारही बाजूंच्या गाड्या एकाच वेळी हॉर्न वाजवतात. तिथं सर्कल व्हावं म्हणून बाबांनी नगर परिषदेच्या इतक्या चकरा मारल्या, की शेवटी त्यांनी परवानगी दिली आणि देखरेखही बाबांच्याच गळ्यात घातली. बाबांना त्या सर्कलकडून एकच गोष्ट हवी होती. गावातल्या एखाद्या तरी गाडीनं नियमाप्रमाणे, सर्कल उजव्या हाताला ठेवून, त्याला पुरा वळसा घातलेला त्यांना आपल्या डोळ्यांनी पाहायचा होता.

पहिल्या दिवशी त्यांनी चुन्यानं आखलेलं वर्तुळ चांगलं ऐसपैस होतं. त्यात हिरवळ होणार होती, कारंजं होणार होतं. संध्याकाळी कृषी केंद्रवाला आला. "काकाजी, खताची ट्रॉली कशी वळन इथून?" बाबांनी चपलेनं चुना पुसला आणि आत दुसरं वर्तुळ आखलं. दुसऱ्या दिवशी आलुबोंड्याच्या हॉटेलवाल्यानं गिऱ्हाइकांच्या मोटारसायकलींचा प्रश्न काढला. मग मंडपवाला आला. वरातीत डीजेची गाडी असते, ती काय उडून जाईल? शेवटी कुणीतरी पोळ्याची आठवण दिली, की तोरणाखाली बैलजोड्या कुठं उभ्या राहणार. इथं बाबांनी स्वतःच उरलेला चुना पुसला, कारण बैलांची अडचण करणाऱ्याला आमच्या गावात कुणी पाणी विचारणार नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, त्यातली बरीचशी आमच्या चौकात येऊन गेली.

मिस्त्री आला तेव्हा चुन्याचा एकही गोल शाबूत नव्हता. तो म्हणाला, "केवढं करू ते सांगा." हॉटेलवाल्यानं आपली भजी तळायची कढई पुढे केली. "एवढं बस झालं." बाबा घरी आले, आईची लग्नात आलेली कणीक मळायची परात उचलली आणि चौकात नेऊन उपडी घातली. परात कढईपेक्षा वीतभर मोठी होती. तेवढाच त्यांचा विजय.

आईला हे कळलं तोवर परातीच्या काठावर सिमेंट वाळलं होतं. "आता मी कणीक मळू का गिलावा?" असं तिनं विचारलं, आणि त्या रात्री आमच्याकडे खिचडी होती.

तर असं ते झालं. मधे माती असलेलं सिमेंटचं कडं, बाहेरून काळे-पिवळे पट्टे. उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यानं नारळ फोडला, त्याच्या पाण्यानंच ते अर्धं भिजलं. बाबांनी मातीत झेंडू लावला, आणि त्या दिवसापासून कमरेवर हात ठेवून ते चौकात उभे राहू लागले.

वळसा कुणी घालेना. लोक उजवीकडून जात, तिरपे जात. जीपवाले तर ते दोन चाकांच्या मधे धरून वरूनच निघून जात. झेंडू बकरीनं खाल्ला. ही बकरी तांड्यावरच्या एका म्हातारीची. म्हातारीला तांड्यावर सगळे याडी म्हणत, याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई, म्हणून आम्हीही याडीच म्हणत असू. बाबा भांडायला गेले तर ती म्हणाली, "भाऊ, तू ताटात वाढून ठेवलं, अन् तिनं खाल्लं. तिचं काय चुकलं?"

मग पावसाळा आला. कड्यात पाणी साचलं, डास झाले. आता बाबांनी पाणी साचलेलं पाहिलं आणि गप्प बसले असं होणं शक्य नव्हतं. त्यांनी कड्याला एका बाजूनं खाच पाडली आणि पाणी वाहून जायला हातभर लांबीची सुरेख पन्हळ काढली. कुठं काढली? उत्तरेला. चौकाचा उतारच उत्तरेला आहे, त्याला ते काय करणार. त्यानंतर जीपवाल्यांचा बंदोबस्त म्हणून त्यांनी नदीतून एक काळाभोर, गुळगुळीत, उभट गोल दगड आणला आणि कड्याच्या मधोमध रोवला. आता वरून कोण जातो बघू, असं म्हणत ते घरी आले.

प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे इंजिनिअरिंगचं कारण होतं. फक्त लांब उभं राहून त्यांनी ते एकदाही पाहिलं नाही.

आईनं पाहिलं. बाजारातून आली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "अवो, तुमी चौकात महादेव कायले बसवला?"

"महादेव नाही तो. गाड्या वरून जाऊ नये म्हून दगड लावला."

"अन् खाली शाळुंका?"

"ते पाणी जायले."

"हो ना," आई म्हणाली. "महादेवाचंही पाणी जायलेच असते."

बाबांना वाटलं, ही थट्टा करून राहिली आहे. पण आई सोमवारचा उपास लग्नाआधीपासून धरते आणि महादेवाच्या बाबतीत ती थट्टा करत नाही. पुढच्याच सोमवारी दगडावर बेलाचं पान आलं. त्याच्या पुढच्या सोमवारी दगड दुधानं धुतलेला होता आणि बाबांच्या पन्हळीतून ते दूध ठरल्याप्रमाणे उत्तरेला गटारात जात होतं. हॉटेलवाला दात काढत म्हणाला, "काकाजी, करायले गेले गणपती अन् झाला मारुती."

"मारुती नाही, महादेव," आईनं दुरुस्त केलं.

आता मला वाटलं होतं, चला, निदान ह्या निमित्तानं लोक वळसा तरी घालतील. प्रदक्षिणाही देव उजव्या हाताला ठेवूनच घालतात आणि आपल्याकडची वाहतूकही सर्कल उजव्या हाताला ठेवूनच जाते. देवाचा आणि आरटीओचा इथं मतभेद नाही. आणि खरंच, लोक सर्कलच्या डावीकडून, हळू, शिस्तीत वळायला लागले. बाबांनी मला शाळेतून बोलावून आणलं ते बघायला. त्यांचे डोळे भरून आले होते. एक मोटारसायकलवाला आला, गाडी हळू केली, सुंदर वळला, पन्हळीपाशी पोचला. तिथं थांबला. पाय टेकले. गाडी मागे फिरवली आणि आल्या वाटेनं उलटा निघून गेला.

कारण महादेवाला प्रदक्षिणा पुरी घालत नाहीत. पन्हळीपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही, तिथून परत फिरायचं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाबांनाही ठाऊक होतं. आपल्या पाण्याच्या निकासाला ते लागू होईल, एवढंच त्यांना सुचलं नव्हतं.

त्यानंतर आमच्या चौकाचं जे झालं, ते आठवलं तरी मला अजून हसू येतं आणि मग हसल्याचा राग येतो. अर्ध्या गाड्या पन्हळीपर्यंत येत, आणि तिथून उलट्या फिरून मागून येणाऱ्या अर्ध्या गाड्यांच्या तोंडाला तोंड देत. ऑटोवाले सवाऱ्यांना पन्हळीपाशी उतरवून म्हणत, "आता तुमचं तुमी पाहा." सवाऱ्याही पन्हळ ओलांडत नसत. पन्हळ हातभरच, पण तिची हद्द कुठवर धरायची ह्यावर हॉटेलात रोज वाद होई. पाणी जिथवर जातं तिथवर, असं एक म्हणे. मग हद्द गटारातून थेट नाल्यापर्यंत जाई आणि गावाचे दोन तुकडे होत. एसटीच्या ड्रायव्हरनं सरकारी गाडीला सूट असते असं स्वतःच ठरवलं आणि डोळे मिटून नमस्कार करत तो बस नेऊ लागला. हे जास्तच धोक्याचं होतं. देवळातल्या गुरुजींनी उपाय सांगितला, की पन्हळीवर गवताची काडी ठेवली तर ओलांडल्याचा दोष लागत नाही. लोकांना हायसं वाटलं. गवताची पेंढी आणून ठेवली, आणि ती याडीच्या बकरीनं खाल्ली. रोज ठेवत, रोज ती खाई. बकरी बाळसं धरू लागली.

आई त्याच वर्षी स्कुटी शिकली होती. बाबांच्या गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांची गाडी बंद झाली, तेव्हा त्यांनीच तिला कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या रिकाम्या मैदानात शिकवलं. ती ओरडत गाडी चालवे आणि ते त्याहून मोठ्यानं ओरडत मागे चालत. आमच्या घराकडून बाजाराकडे उजवीकडे वळायचं, तर पन्हळ ओलांडूनच जावं लागे. आई ओलांडत नसे. घरामागच्या गल्लीतून, नाल्याच्या काठानं, चिखल तुडवत ती बाजारात जाई. बाबांनी एकदा हात जोडले, "तू तरी जा ना वो सर्कलवरून." आई म्हणाली, "मले नाही जमत. उभ्या जल्मात नाही ओलांडली मी पन्हळ, देवळात किती गर्दी असली तरी." बाबा नास्तिक माणूस, पण तिच्या देवावर त्यांनी कधी हुकूम चालवला नाही.

अशात मंडपवाला आणि हॉटेलवाला ह्यांनी दगडावर पत्र्याची शेड टाकायचं ठरवलं आणि चार बांबू आणि खिळे आणून ठेवले. बांबू दिसले तशी कुणीतरी तक्रार केली. जिल्ह्याहून एक साहेब पाहणीला यायचं ठरलं, आणि तेही श्रावणातल्या सोमवारी.

साहेब सज्जन होते. त्यांनी सर्कल पाहिलं, मग पाटी पाहिली, मग पुन्हा सर्कल पाहिलं. बाबांना म्हणाले, "हे बघा काका, मी सकाळभर इथं बसतो. वाहनं ह्याला वळसा घालून जात असतील तर ते वाहतूक बेट आहे, त्याला कुणी हात लावणार नाही. जात नसतील तर तो रस्त्यातला अडथळा. आजच काढून टाकू."

"वळसा पुरा लागन का साहेब? का अर्धा चालन?"

"अर्धा वळसा म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं. ते बाहेरचे होते.

आदल्या संध्याकाळी बाबा घरोघर जाऊन सांगून आले होते, उद्या एकदा, फक्त एकदा, पुरा वळसा घाला. सगळे म्हणाले, "हो ना जी, काकाजी." आमच्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत. सकाळी तेच सगळे आले, सुंदर वळले, पन्हळीशी थांबले, दगडाला हात जोडले, बाबांची नजर चुकवली आणि परत फिरले. श्रावणी सोमवारी कोण अंगावर ओढवून घेणार? साहेबांचा चहा गार झाला. रस्त्याच्या कडेला नगर परिषदेचा माणूस घण घेऊन बसला होता, त्यानं दुसरा आलुबोंडा मागवला.

तेवढ्यात याडीची बकरी आली. सर्कलभोवती तिनं एक पुरी चक्कर मारली, पन्हळ ओलांडून, गवत हुंगत. मागोमाग याडीही गेली. "बकरीले कायचा दोष, अन् बकरीमागं मले कायचा?"

साहेब हसून म्हणाले, "काका, हे वाहन धरायचं का?"

मी मनात म्हटलं, हो म्हणा. एकदा तरी हो म्हणा. बाबा म्हणाले, "नाही साहेब. हे वाहन नाही."

मला त्यांचा इतका राग आला की रडू फुटलं. ते चौकात काठी टेकून उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि घणवाल्याकडे न बघायचा प्रयत्न करत होते. ज्या माणसाच्या एवढ्या मोऱ्या ह्या जिल्ह्यात जमिनीखाली उभ्या आहेत, त्याचं जमिनीवरचं एकमेव काम परातीएवढं, आणि तेही आता फुटणार होतं.

तेव्हा घराकडून आई आली. पदरावर हेल्मेट, स्कुटीच्या हुकाला बेलाच्या पानांची पिशवी, आणि उजवा इंडिकेटर चालू. तो तिनं बहुतेक घराच्या फाटकातच लावला असणार. कुणालाच विशेष वाटलं नाही, कारण ती वळेल, पान वाहील आणि परत फिरेल हे ठरलेलं होतं. ती डाव्या बाजूनं आली, बाबांनी शिकवल्याप्रमाणे हॉर्न दिला, वळली, आणि पन्हळीपाशी थांबली. पाय टेकले. दगडाकडे बघून ती काहीतरी पुटपुटली. बराच वेळ पुटपुटली. हॉटेलात झारा थांबला.

मग तिनं पाय उचलले आणि स्कुटी पुढे घातली. पुढचं चाक पन्हळीच्या टोकावरून गेलं, मागचं गेलं. तिनं डोळे मिटले नव्हते. बाजाराच्या रस्त्यावर एव्हाना बघ्यांची गर्दी झाली होती आणि तिला बाहेर पडायला वाट मिळेना, म्हणून ती तशीच पुढे वळत राहिली आणि पुन्हा पन्हळीवर आली. पुन्हा ओलांडली. "सरका ना बापा," असं ओरडत तिनं तिसऱ्यांदाही ओलांडली, आणि मग कुठं लोक सरकले. बाबा हातवारे करून सांगत होते, "इंडिकेटर बंद कर, इंडिकेटर," आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

तिच्या मागे दूधवाला गेला. काकू जाते तर आपण कायले थांबायचं, असं म्हणत ऑटोवाला गेला, खताची ट्रॉली गेली. चौक थोड्याच वेळात मोकळा झाला. साहेब उठले आणि बाबांना म्हणाले, "बेट आहे. जरा लहान आहे."

"नकाशात मोठं होतं, साहेब," बाबा म्हणाले.

बाजारातून परतताना आईची स्कुटी पंक्चर झाली. ढकलत चौकात आली तर हॉटेलवाला म्हणाला, "पाह्यलं, काकू? आखिर झालाच ना कोप." आईनं टायरमधून निघालेला खिळा पिशवीतून काढून तिथंच बसलेल्या मंडपवाल्यापुढे धरला. "तुह्याच बांबूचा हाय. घे." शेडचा विषय त्यानंतर निघाला नाही.

संध्याकाळी आई उपास सोडायला बसली. बाबा समोर बसले होते, पण जेवत नव्हते. ती आपल्यासाठी काय करून आली आहे हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मीच न राहवून विचारलं, "आई, पन्हळीपाशी थांबून तू काय म्हणत होतीस?"

"काही नाही," ती म्हणाली. तिनं बाबांच्या ताटात पोळी वाढली. "म्हणलं, देवा, राग मानू नको. हे आधी माह्या घरवाल्यानं बांधलं. तू मांगून आला."